आजीच्या नावानं आंघोळ केली होती, आता तिच्या वारसांच्या सह्या हव्या आहेत

रानजाई

मागच्या महिन्यात आईला एक फोन आला. आवाज तिशीतल्या मुलाचा. "आत्या, मी तुमच्या मामांचा नातू बोलतोय," म्हणाला. आई पासष्ट वर्षांची आहे. आजोळच्या माणसानं तिला नात्यानं हाक मारायची ही आयुष्यातली पहिली वेळ. ती फोन कानाला धरून खाली बसली.

गावाचं नाव लिहीत नाही. सातारा जिल्हा, कृष्णाकाठ, एवढं पुरे. आजी तिथल्या मराठ्यांच्या घरातली, आजोबा त्याच गावच्या महारवाड्यातले. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले होते आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. दोघांचं कसं जमलं ते त्यांनी शेवटपर्यंत स्वतःपाशीच ठेवलं. १९५८ साली आजी एकोणीस वर्षांची असताना निघून आली. पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. तीस दिवस ती नोटीस दोघांच्या नावागावासकट कचेरीत लटकत होती आणि तेवढे दिवस आजी देहूरोडला आजोबांच्या मित्राच्या खोलीत दार लावून राहिली. साक्षीदार तीन लागतात, तिघेही कारखान्यातले. तो दाखला आजीच्या पत्र्याच्या पेटीत होता, आता आईकडे आहे.

गावी तिच्या वडिलांनी नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. नुसती आंघोळ नाही, दहावाही घातला. ही बातमी खडकीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या गावच्या एका बाईनं आजीला सांगितली. आजी हे कधी रडून सांगत नसे. पण पितृपंधरवड्यात एखाद्या दुपारी मध्येच विचारायची, "माझ्या पिंडाला कावळा शिवला असंल का गं?"

आईच्या जावळाला मामाची मांडी नव्हती, कारखान्यातल्या एका काकांनी तिला मांडीवर घेतलं. सुट्टीत चाळीतली सगळी मुलं मामाच्या गावाला जायची, तेव्हा ही तिघं भावंडं दापोडीच्या पुलावर जाऊन गाड्या बघायची. शाळेत 'माझे आजोळ' हा निबंध आला तेव्हा आईनं शेजारणीचं आजोळ लिहिलं. तिला दहापैकी आठ गुण मिळाले, ते ती अजून सांगते.

आता फोनचं कारण. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांची जमीन जाते आहे. मोबदल्यावरून चुलत भावांत वाद लागला आणि त्यातल्याच एकानं हरकत घेतली की आत्या मेली नव्हती, ती पुण्यात नांदत होती, तिला मुलं आहेत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आता मामा, मावशी आणि आई, तिघांनी हक्कसोड पत्रावर सह्या करून द्याव्यात असं त्यांचं म्हणणं आहे.

त्या मुलानं बिचाऱ्यानं सरळ मनानं जुन्या फेरफाराची नक्कल पाठवली. १९७५ ची. पणजोबा गेल्यावरची वारस नोंद. त्यात लिहिलंय: मुलगे दोन, विधवा पत्नी एक, आणि आजीच्या नावापुढं: अविवाहित, मयत.

आजी २०११ साली गेली. त्या नोंदीनंतर छत्तीस वर्षं ती जगली. रेशन आणलं, मतं दिली, नातवंडांना न्हाऊ घातलं.

मामा म्हणतो, सही नाही, हिस्सा घ्यायचा. मावशी म्हणते, त्यांचा पैसा आपल्याला नको, सही करून मोकळे होऊ. आई काहीच म्हणत नाही. चष्मा लावून ती नक्कल रोज वाचते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही झालं असेल तर सांगा. कायद्याचंही कुणाला माहीत असेल तर हवं आहे.

इंद्रायणी

सही करू नका. 'अविवाहित, मयत' हे दोन शब्द वाचून माझे हात थरथरले. मी नंतर सविस्तर लिहीन.

सातबारा

महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहितो.

तुमच्या पणजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी ही पहिल्या वर्गातली वारस. तिनं लग्न कुणाशी केलं हा प्रश्नच येत नाही. आजोबा बौद्ध, मुलं बौद्ध, म्हणून हक्क गेला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या कायद्यापुरते बौद्ध, जैन आणि शीख हे हिंदूंमध्येच धरले आहेत. त्याही आधीचा, १८५० सालचा जातिविषयक अपात्रता दूर करणारा कायदा होता. जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलंय. विशेष विवाह कायद्याच्या विसाव्या कलमात त्याच कायद्याचा हवाला दिला आहे. म्हणजे तुमच्या आजीनं ज्या कायद्याखाली लग्न केलं, त्यानंच तिचा वारसाहक्क राखून ठेवला होता.

हिस्सा किती, हे जमीन वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली यावर आहे. १९७५ च्या आसपासचा मृत्यू, म्हणजे वडिलोपार्जित असेल तर तेव्हाच्या कायद्यानं आधी कागदोपत्री वाटणी धरून वडिलांचा वाटा काढायचा आणि त्या वाट्यात आजीचा वाटा. आकडा कदाचित लहान निघेल, पण शून्य नाही.

फेरफार म्हणजे मालकी नव्हे. तो महसुलाचा हिशेब आहे. गाव नमुना ६-क मध्ये वारसाची चौकशी होऊन मग नोंद धरतात. १९७५ ला चौकशीत जे सांगितलं गेलं ते चार पंचांच्या सांगण्यावर लिहिलं गेलं असणार. खोट्या माहितीवरच्या नोंदीविरुद्ध प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, उशिराचं कारण द्यावं लागतं. तुमच्याकडे १९५८ चा दाखला आणि २०११ चा मृत्यूचा दाखला आहे. याहून भक्कम कागद मी नोकरीत फार वेळा पाहिले नाहीत.

हक्कसोड पत्र नोंदणीकृतच लागतं. नोटरीच्या कागदावर, कोऱ्या कागदावर, 'नंतर भरतो' म्हणणाऱ्या कागदावर सही करू नका. एकदा नोंदवलं की सहज मागे घेता येत नाही. आणि सही करायचीच ठरली तरी आधी वंशावळ दुरुस्त करून घ्या. ती प्रतिज्ञापत्रावर असते. त्यात आजीचं नाव, पुढं पतीचं नाव, खाली तीन मुलं, हे आल्याशिवाय तुमच्या सहीला तसाही अर्थ नाही. जी अविवाहित मेली तिची मुलं हक्क सोडणार तरी कशी?

निळं आभाळ

धागा दोनदा वाचला. रानजाई, एक विचारतो, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आजीच्या माहेराबद्दल पुष्कळ लिहिलंत. आजोबांच्या घरच्यांचं काय झालं? आमच्याकडच्या गोष्टीत तो भाग नेहमी राहून जातो. मुलगी निघून गेली की तिच्या घरी आंघोळ होते, आणि ज्याच्याबरोबर गेली त्याच्या वस्तीत रात्री कुणी झोपत नाही.

माझ्या चुलत्यांनी असंच लग्न केलं, १९७० च्या पुढं. आमच्या वस्तीला गिरणीवाला दळण देईना. सात मैलांवर जाऊन दळून आणायचो. माझी आई त्या काकूला कधी वाईट बोलली नाही, पण पिठाचा डबा रिकामा झाला की तिचा चेहरा बघवत नसे. आणि काकूला वाटायचं की हे सगळे मनातून मलाच दोष देतात. पलीकडून आलेल्या माणसाला अलीकडे जागा मिळायलाही वेळ लागतो. माईसाहेब आंबेडकरांना बाबासाहेब गेल्यावर किती वर्षं संशयाच्या नजरा झेलाव्या लागल्या ते आपल्याला माहीत आहे. १९४८ ला लग्न, १९५६ ला बाबासाहेब गेले, त्या २००३ पर्यंत होत्या.

रानजाई

निळं आभाळ, मनाला लागलं, पण लागायलाच हवं होतं.

आजोबांना एक धाकटा भाऊ होता, तोच गावात आईवडिलांजवळ राहायचा. आजी निघून गेली त्याच्या तिसऱ्या रात्री त्याचं घर पाडलं. जाळलं नाही, कारण शेजारच्या गंजी पेटल्या असत्या. कुऱ्हाडी घेऊन आले आणि मेढी तोडल्या. वस्तीला दुकान बंद, चराऊ रान बंद, सुगीला कामावर बोलावणं बंद. चार महिन्यांनी तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आला, त्याच एका खोलीत. ती मुलगी त्या पावसाळ्यात न्यूमोनियानं गेली.

त्या धाकट्या आजीला आम्ही नानी म्हणायचो. तिनं आजीला पहिली दोन वर्षं नावानं हाक मारली नाही. "अगं" नाही, "जाऊबाई" नाही. काम असलं की भांडं आपटायची. मग आईच्या वेळेला बाळंतपण अडलं तेव्हा नानीनंच रात्रभर आजीला धरून ठेवलं. त्यानंतर दोघी एका ताटात जेवायच्या. पुढची पन्नास वर्षं.

हे मला माहीत होतं आणि तरी मी ते पहिल्या लेखनात घातलं नाही. फेरफारात आजीला मयत लिहिलंय, त्या तान्ह्या मुलीचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही.

बारव

सातारा जिल्हा म्हणालात म्हणून लिहायचं धाडस करतो. तुमच्या आजीच्या नव्वद वर्षं आधी त्याच जिल्ह्यात काय झालं ते सावित्रीबाईंच्या पत्रात आहे. २९ ऑगस्ट १८६८, माहेरगाव नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं.

गणेश नावाचा ब्राह्मण पोथीपंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचं आणि सारजा नावाच्या महाराच्या मुलीचं प्रेम जडलं. ती सहा महिन्यांची गरोदर. लोकांनी दोघांना पकडलं, गावातून मारत नेलं, ठार करायचं ठरलं. सावित्रीबाईंना कळलं तशा त्या धावल्या. इंग्रज सरकारच्या कायद्यानं तुमचं काय होईल याची भीती घातली, तेव्हा लोक थांबले. दोघांनी गाव सोडून जावं एवढ्यावर मिटलं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की या दोघांना मी तुमच्याकडे पाठवते आहे.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सावित्रीबाईंच्या धैर्यानं भारावलो. आता वय झाल्यावर वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर ती सहा महिन्यांची पोटुशी मुलगी येते, पुण्याच्या वाटेवर चालणारी. त्या पोटातल्या मुलानं पुढं कुणाला मामा म्हटलं असेल?

अशा मुलांचं पुढं काय होतं, ते फुल्यांच्या घरातच दिसतं. १८६३ ला त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. फुल्यांनी त्याला नाव दिलं, घर दिलं, शिकवलं, तरी त्याला मुलगी द्यायला माणसं कचरत होती, कारण जन्म कुठला. शेवटी ४ फेब्रुवारी १८८९ ला ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीनं त्याचं लग्न झालं. म्हणजे जोतीराव फुल्यांच्या मुलालासुद्धा सोयरीक जुळवताना हे चुकलं नाही.

सावित्रीबाईंनी लिहिलं नसतं तर गणेश आणि सारजा होऊन गेले हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. तलाठ्याच्या वहीत अशी माणसं मयतच असतात. तुमच्या आई ती नक्कल रोज वाचतात, ते मला पटतं.

मंगळवेढा

बारव यांच्या प्रतिसादाला धरून. आमच्या भागात ही गोष्ट आणखी सातशे वर्षं मागं जाते. बसवण्णांनी मंगळवेढ्यात कारकुनी केली आणि मग ते बिज्जल राजाबरोबर कल्याणला गेले, आजचं बसवकल्याण. तिथं त्यांच्या अनुयायांना शरण म्हणत. हरळय्या हे चर्मकार शरण आणि मधुवरस हे जन्मानं ब्राह्मण शरण, यांनी एकमेकांत सोयरीक केली. मधुवरसांची मुलगी, हरळय्यांचा मुलगा. शरणांच्या लेखी तिथं जातच उरली नव्हती, त्यामुळे लग्नात चुकीचं काही नव्हतं. राजानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत मारलं. कल्याण पेटलं, शरण चहूकडे पांगले.

यातली एक गोष्ट मला नेहमी टोचते. शिक्षा बापांना झाली. आंघोळ करणाऱ्या बापांच्या ऐवजी इथं हौसेनं लग्न लावणारे बाप होते. आणि आज त्यांचं नाव घेणाऱ्या आम्हा लोकांत पोटजात बघून स्थळं ठरतात. माझ्या बहिणीचं तसंच ठरलं. मी तेव्हा गप्प बसलो होतो.

शेवंता

मी दुसऱ्या बाजूची आहे. आंघोळ करणाऱ्या घरातली.

माझ्या आत्यानं १९८४ साली तिच्या ऑफिसातल्या मुस्लिम माणसाशी लग्न केलं. आजोबांनी तिच्या नावाचं पाणी सोडलं. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असा शब्द घेतला सगळ्यांकडून. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की आत्या दोनच. तिसरी होती हे मला चौदाव्या वर्षी कळलं, तेही एका लग्नात कुणीतरी आईला टोमणा मारला म्हणून.

पण सांगायचं आहे ते वेगळं. आत्या निघून गेल्यावर तिच्या पाठच्या दोघींची शाळा त्याच आठवड्यात बंद झाली. एक नववीत, एक सातवीत. दोघींची लग्नं सतरा-अठराव्या वर्षी, जे पहिलं स्थळ आलं त्याला. धाकटीचा नवरा प्यायचा. ती माहेरी आली की आजोबा म्हणायचे, नांदायला जमत नसेल तर तुमच्या थोरलीला विचारा. मला अकरावीला पुण्यात प्रवेश मिळाला होता. वडिलांनी एका वाक्यात संपवलं, "ती पण अशीच शिकायला गेली होती." जिला मी कधी पाहिलं नाही त्या बाईमुळे माझं कॉलेज गेलं, असं मी कितीतरी वर्षं मानत होते आणि तिच्यावर चिडत होते. ज्यांनी माझं कॉलेज घालवलं ते समोर बसून जेवत होते, त्यांच्यावर चिडायचं मला सुचलं नाही.

रानजाई, तुमच्या आजीच्या माहेरात तेव्हा इतर मुली होत्या का? तुम्हाला फोन करणाऱ्या मुलाच्या आज्या, आत्या? त्यांना विचारा. त्या बोलतील. आम्ही बोलायला तयार असतो, आम्हाला कुणी विचारत नाही.

इंद्रायणी

शेवंता, तुमचं वाचून माझं 'सही करू नका' मागं घेत नाही, पण ज्यांच्यावर राग काढत होते ती माणसं नेमकी कोण, याचा विचार करते आहे.

पाऊलवाट

आम्ही दोघं आत्ता त्या तीस दिवसांत आहोत. एकोणिसावा दिवस. रानजाईंच्या आजीची नोटीस १९५८ ला लटकत होती, आमची आज लटकते आहे, त्याच कायद्याखाली. घरून रोज फोन येतात. आज तिच्या आईनं विचारलं, "तुमच्या मुलांनी कोणतं कुलदैवत सांगायचं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

सातबारा

पाऊलवाट, जातपंचायतीचा किंवा गावकीचा दबाव असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, बहिष्कार टाकणं हा गुन्हा आहे. धमकी असेल तर पोलीस अधीक्षकांकडे दोघांच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. अशा जोडप्यांना संरक्षण द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ ला सांगितलं, २०१८ ला आणखी कडक शब्दांत सांगितलं. अर्जात त्याचा उल्लेख करा. आणि तीन साक्षीदारांशिवाय चौथा एक माणूस तयार ठेवा. ऐनवेळी एक जण येत नाही, हे मी पाहिलं आहे.

निळं आभाळ

पाऊलवाट, चौथा मी. खरंच. व्यक्तिगत निरोप करा.

रानजाई

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे. मागच्या रविवारी आम्ही गावी जाऊन आलो. मी आणि आई. मामा आला नाही, मावशीला प्रवास झेपत नाही.

आधी सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे वंशावळीचं बोललो. तो मुलगा घेऊनच बसला होता. पाढा म्हटल्यासारखी मी वाचून दाखवली: आजीचं नाव, पुढं आजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, खाली तीन मुलं. आजोबांचं आडनाव आलं तेव्हा ओसरीवरचे दोन म्हातारे उठून आत गेले. मुलगा मात्र म्हणाला, "आत्या, शुद्धलेखन बघा, पुन्हा दुरुस्ती नको." आईनं वेलांटी दुरुस्त केली.

शेवंता, तुमचा प्रश्न मी नेला होता. आजीला एक धाकटी बहीण होती. आजी निघून गेली तेव्हा ती तेरा वर्षांची, त्याच वैशाखात तिचं लग्न लावलं, चाळिशीच्या माणसाशी, दुसरेपणावर. ती १९९१ ला गेली. तिची सून स्वयंपाकघरात भेटली. म्हणाली, सासूबाई कृष्णेला दिवा सोडताना दरवर्षी दोन सोडायच्या, एक कुणाचा ते सांगायच्या नाहीत.

आईचे मामा आहेत अजून. आजीचा शेंडेफळ भाऊ. आजी निघून गेली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. वडिलांबरोबर नदीवर त्यालाही नेलं होतं, त्यानंही आंघोळ केली होती. आता दिसत नाही फारसं. आम्ही दोन तास तिथं होतो, एक शब्द बोलले नाहीत. चहा झाला, मामींनी आईला खण दिला, आई उठली. तेव्हा त्यांनी हात पुढं केला आणि विचारलं, "अक्काला जाताना साडी कुणी घातली?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. आमच्याकडे धम्म आला तरी हा रिवाज राहिला आहे.

आई म्हणाली, "नानीच्या भावानं. तिच्या जावेच्या भावानं."

ते बराच वेळ आईचा हात धरून बसले. मग म्हणाले, त्या जावेचं घर आमच्या थोरल्यांनी पाडलं होतं.

आई म्हणाली, "ठाऊक आहे."

सही अजून केलेली नाही. पुढच्या सोमवारची तारीख आहे. गाडीत आईनं विचारलं की वंशावळीत नानीच्या मुलीला कुठं लिहिता येईल का. मी सांगितलं, ती त्यांच्या वंशावळीत बसत नाही. आई म्हणाली, मग आपली वेगळी करू. काल रात्री शाळेच्या वहीच्या मधल्या पानावर ती आखायला बसली आहे. त्या मुलीचं नाव नानीनं काय ठेवलं होतं ते आता मावशीला विचारायचं आहे.